मुहूर्तमेढीचा दगड

आमच्या वाड्याच्या मधल्या चौकात, तुळशीवृंदावनापासून चार पावलांवर, फरशीत एक चौकोनी काळा दगड बसवलेला आहे आणि त्याच्या मधोमध मनगट जाईल एवढे गोल छिद्र आहे. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मुले त्या छिद्रात गोट्या टाकत, पावसाळ्यात तिथे बेडूक येऊन बसे आणि चौक झाडणारी बाई त्यातला कचरा काडीने उकरून काढी. तीस वर्षे मी त्या दगडावरून ये-जा केली, परंतु तो तिथे कशासाठी आहे हे कोणाला विचारावे असे मला एकदाही वाटले नाही. ते कळले तेव्हा त्याच चौकात झालेल्या एका लग्नाने वाड्याचे पुष्कळ नुकसान करून ठेवले होते.

आमचे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. इथली जमीन काळी आणि कपाशीची, पण जमिनीखालचे पाणी खारट. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याला सगळे खारपाणपट्टाच म्हणतात. वान धरणाचे गोड पाणी आता नळाने येते, पण ते पिण्यापुरते; बाकी धुण्या-पुसण्याला बोअरचे खारे पाणीच वापरावे लागते. हे पाणी पुढे या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गावाच्या मधोमध एक गढी होती. होती असेच म्हणायला हवे, कारण आता तिथे पांढऱ्या मातीचा एक उंचवटा आणि अर्धा बुरूज एवढेच उरले आहे. वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरांवर दर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरावी लागे, कारण ती पाणी लवकर आत शिरू देत नाही; आणि गढीच्या भिंतींत तीच माती असल्याने लोकांनी टोपल्या भरभरून ती नेली. त्यात मी कोणाचा दोष मानत नाही. गढीत कोणी राहत नव्हते, तिथे कोणाचे बारसे झाले नव्हते, कोणाची पंगत बसली नव्हती. ज्या जागेशी घरातल्या कोणाचीही आठवण जोडलेली नाही, ती जागा लोकांना मातीची खाण वाटू लागते. त्याच गढीच्या पायथ्याशी असलेला आमचा वाडा मात्र टिकला. मुख्य तुळईवर शके १८०१ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १८७९. सागवानी खांब, कडीपाटाचे छत, त्यावर मातीचा थर आणि वर माडी, दगडी जोत्यावर उभ्या असलेल्या दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, देवडी, दोन चौक आणि मागे गोठा, असा तो आहे. वाडा टिकला याचे कारण प्रत्येक पिढीने त्यात काही ना काही साजरे केले, अशी माझी समजूत आहे, आणि म्हणूनच जुन्या वास्तूंना कुलूप लावून ठेवावे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधी बोलू शकले नाही. पण साजरे कसे करावे, हे आम्हांला त्या लग्नाने शिकवले.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या चुलत पुतण्याचे लग्न ठरले. तो पुण्याला नोकरी करतो. राजस्थानातल्या हवेल्यांमध्ये झालेल्या लग्नांची छायाचित्रे त्याने आम्हांला दाखवली आणि म्हणाला, ''मोठ्याई, आपल्याजवळ वाडा असताना आपण अकोल्याच्या लॉनवर कशाला जायचे?'' ते ऐकून मला मनापासून आनंद झाला होता. माझ्या नणंदांच्या काळापासून लग्ने शहरातल्या मंगल कार्यालयांत जाऊ लागली होती आणि वाड्यात उरले होते ते श्राद्धपक्ष आणि गणपती. लग्न परत वाड्यात येणार म्हटल्यावर माझ्या यजमानांनी खांबांना तेलपाणी करायला माणसे लावली. मांडवाचे, सजावटीचे आणि दिव्यांचे काम तालुक्याच्या एका ठेकेदाराला दिले. ठेकेदार मेहनती माणूस होता, त्याची माणसे रात्रंदिवस राबली, हे सांगायला हवे. पण त्याचे सगळे सामान मोकळ्या मैदानासाठी तयार झालेले होते आणि वाडा त्याला मैदानासारखाच एक रिकामा भूखंड वाटला. आम्हीही त्याला वेगळे काही सांगितले नाही.

चौकात लोखंडी पाइप उभे करण्यासाठी फरशी उचकटून दोन-दोन फुटांचे सहा खड्डे खणले गेले. त्यांतला एक खड्डा फरशीखालून देवडीकडे जाणाऱ्या दगडी नालीवरच पडला आणि ती फुटली. पण त्या दिवशी कोणाच्या ते लक्षात आले नाही, कारण खड्ड्यात लगेच सिमेंट ओतले गेले. झेंडूच्या माळा आणि कापडाच्या झालरी यांच्यासाठी खांबांना खिळे मारले. वैशाखाचे ऊन होते, म्हणून चौक गार राहावा यासाठी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बोअरचे पाणी पाइपने फरशीवर आणि भिंतींवर मारले आणि चौथ्या दिवशी त्या ओल्या जमिनीवर प्लॅस्टिकच्या अस्तराचा हिरवा गालिचा अंथरला. संध्याकाळी डीजेच्या पेट्या ओसरीवर, थेट माडीच्या तुळयांखाली लावल्या. गाणे सुरू झाल्यावर मी वाढपाकडे पाहत उभी होते, तेव्हा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर काहीतरी बारीक, पिठासारखे पडताना मला दिसले. बोट फिरवून पाहिले तर ती माती होती. वरच्या पाटांच्या फटींतून, दर ठोक्यासरशी, माडीच्या जमिनीतली माती झरत होती. मी यजमानांना बोलावून ते दाखवले. त्यांनी वर पाहिले, पण पाहुण्यांनी भरलेल्या चौकात त्या क्षणी करण्यासारखे काही नव्हते. लग्न थाटात पार पडले. फोटो फार सुंदर आले.

पावसाळ्यात चौकात पाणी तुंबू लागले, कारण नाली फुटली होती. दिवाळीच्या सुमाराला भिंतींवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत, पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली. हात लावला की गिलावा पापुद्र्यासारखा सुटून यायचा. आमच्याकडे याला लोणा लागणे म्हणतात. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत वर चढते, पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षारही चढतात, पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ते भिंतीच्या बारीक छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि आतून गिलाव्याला ढकलून फोडतात. ओल जमिनीतूनच उडून गेली असती तर भिंतीला एवढा त्रास झाला नसता, पण आम्ही जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून तिची ती वाट बंद केली होती, आणि पाणीही असे दिले होते की ज्यात मीठ आधीच होते. त्याच्यावर आणखी एक चूक केली. गावातल्या गवंड्याकडून त्या भागाला सिमेंटचा गिलावा करून घेतला. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, म्हणून दोन वर्षांत लोणा गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढला.

तेव्हा आम्ही शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारांना बोलावले. सगळे त्यांना मिस्त्रीबाबा म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या आजोबांनी आमच्या माडीचा जिना दुरुस्त केला होता, असे ते सांगतात. आल्या आल्या त्यांनी चहाही घेतला नाही. काठी टेकत चौकाला एक फेरा घातला, खांबांतल्या खिळ्यांभोवती सागवान काळे पडले होते ते नखाने खरवडून पाहिले आणि मग त्या छिद्राच्या दगडाजवळ येऊन थांबले.

''बाई, एवढे खड्डे काऊन खंदले तुमच्या लोकायनं?'' त्यांनी विचारले. ''मेढीचा दगड तं हा समोर हाये.''

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितले की हा मुहूर्तमेढीचा दगड. माझ्या आतेसासूबाईंच्या लग्नात, ते स्वतः लहान असताना, उंबराची मेढ त्या छिद्रात उभी केलेली त्यांनी पाहिली होती. मग त्यांनी काठीने वर दाखवले. चौकाच्या चारी बाजूंच्या तुळयांना, खालच्या अंगाने, लोखंडी कड्या होत्या. आम्हांला त्या पाळण्याच्या वाटत, पण पाळण्याला दोन कड्या पुरतात आणि इथे बारा होत्या, बरोबर समोरासमोर. त्या चांदव्याच्या, म्हणजे चौकावर ताणायच्या कापडी छताच्या, दोऱ्यांसाठी होत्या. देवडीच्या आत दोन्ही बाजूंना माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर जे कोनाडे होते, ज्यांत आम्ही विजेचा मीटर आणि जुन्या चपला ठेवल्या होत्या, ते समयांचे होते. त्यांच्या वरचा दगड धुराने काळा झालेला होता आणि त्यामागे भिंतीत धूर वर जायला लहानसा बोगदा ठेवलेला होता. मागच्या चौकातला जो लांबलचक दगडी ओटा आम्ही कपडे वाळवायला वापरत होतो, त्याला एका अंगाला उतार होता आणि उताराच्या टोकाला नाली. तो पंगतीची भांडी घासण्यासाठी होता.

त्या दुपारी मला जे समजले ते आजवर माझ्या मनात घर करून आहे. या वाड्यात समारंभ होणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. मांडव कुठे बांधायचा, दिवा कुठे ठेवायचा, सांडपाणी कुठून जायचे, यांची जागा त्यांनी दगडात आणि लाकडात आधीच करून ठेवली होती. आम्हांला फक्त ती ओळखायची होती. ती न ओळखता आम्ही सहा खड्डे खणले.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या जागी गेले की माझी नजर आधी या खुणा शोधते. यादव काळातल्या हेमाडपंती देवळांच्या सभामंडपात मधोमध किंचित उंच अशी गोल रंगशिळा असते. लोणार, मेहकर, बार्शीटाकळी या आमच्या बाजूच्या टापूत अशी जुनी देवळे पुष्कळ आहेत. रंगशिळा म्हणजे देवासमोरच्या नृत्यगायनासाठी राखलेली जागा. तिच्या आकारातच कार्यक्रमाचे माप सांगितलेले आहे. तिच्यावर एखादी नर्तकी किंवा दोन-तीन गायक मावतात. चाळीस जणांचा वाद्यवृंद मावत नाही आणि त्याने तिथे येऊही नये. बाळापूरला, नदीकाठी, मिर्झाराजे जयसिंगांनी सतराव्या शतकात उभारलेली काळ्या दगडाची छत्री आहे. शाळेत शिकवत असताना मी एकदा सहलीच्या मुलांना तिच्यात बसवून कविता म्हणायला लावल्या होत्या. चारी बाजूंनी मोकळी असूनही मुलांचे आवाज घुमटाखाली गोळा होऊन परत येत होते आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी तो आवाज ऐकण्यासाठी तीच कविता तीनदा म्हणाली.

सार्वजनिक स्मारकांच्या बाबतीत कायदा आहे आणि तो लोकांना वाटतो तितका आडमुठा नाही. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. त्याखालच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे अशा स्मारकात सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, मात्र चालत आलेली धार्मिक वहिवाट त्यातून वगळलेली आहे. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटर अंतर बांधकामाला प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित ठरले. राज्याच्या अखत्यारीतील स्मारकांना १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. आमच्यासारख्या संरक्षित नसलेल्या खासगी वाड्यांना सहसा यांतले काहीच लागू होत नाही, आणि मला वाटते खरी जबाबदारी तिथूनच सुरू होते, कारण खिळा मारणाऱ्याचा हात धरणारे तिथे घरच्या माणसांशिवाय कोणी नसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले पर्यटनासाठी खासगी संस्थांना भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि किल्ल्यांवर लग्ने लागणार, हॉटेले होणार, या चर्चेने महाराष्ट्रभर संताप उसळला. शिवकाळाशी नाते असलेल्या किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वेळी आमच्या गावातही पारावर वाद झाला. मला तेव्हा संतापही समजत होता आणि काळजीही वाटत होती. समारंभ नको म्हणून मोकळे झालेल्या कितीतरी किल्ल्यांवर नंतर कोणीच फिरकत नाही, आणि त्यांची अवस्था आमच्या गढीसारखी होते. पण समारंभ म्हणजे काय, हे आधी ठरायला हवे. आमच्या उत्तरेला सातपुड्यात नरनाळा आहे. त्याचा १४८७ सालचा महाकाली दरवाजा पाहताना माणूस बोलायचे विसरतो, एवढे त्याच्यावरचे कोरीव काम बारीक आहे. तो किल्ला अभयारण्यात आहे, रात्री तिथे वाघ-अस्वलांचे राज्य असते. अशा ठिकाणी दिवसा, शे-पन्नास माणसांनी बसून एखाद्याने इतिहास सांगावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, हाही समारंभच आहे, आणि त्या दरवाजाला तो शोभतो.

या सगळ्यात मला ज्याची मांडणी मनापासून पटते तो सोहळा सिंदखेडराजाचा. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जन्मदिवशी, लाखुजी जाधवांच्या राजवाड्यात जन्मस्थळी पहाटे पूजन होते, आणि त्या दिवशी येणारा अफाट जनसमुदाय सभेसाठी गावाबाहेरच्या जिजाऊ सृष्टीच्या मोकळ्या मैदानावर जमतो. वाड्यात नमस्कार, मैदानावर सभा. माणसे रांगेने राजवाड्यात येतात, कपाळाला माती लावतात आणि बाहेर पडतात. एवढ्या गर्दीला वाड्यात बसवायचे ठरवले असते तर वाड्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. उलट, गर्दी, विस्तव आणि कापडी मांडव हे तिन्ही जुन्या भिंतींच्या आत एकत्र आले की काय होऊ शकते, हे १९९७ साली तंजावरला दिसले. बृहदीश्वराच्या आवारात कुंभाभिषेकासाठी उभारलेल्या यज्ञमंडपाला आग लागली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. हजार वर्षांचे दगडी मंदिर उभे राहिले. जळाला तो चार दिवसांसाठी घातलेला मांडव, आणि प्राण गेले ते त्याच्या खालच्या माणसांचे. आवाराच्या तटबंदीला वाटा मोजक्या असतात. आमच्या वाड्यालाही एकच देवडी आहे, आणि तिचा दिंडी दरवाजा एका वेळी एक माणूस जाईल एवढाच.

म्हणून गेल्या माघात पुतणीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि तिनेही वाडाच हवा म्हटले, तेव्हा मी आधी टेप घेऊन चौकात उतरले. चौक चाळीस फूट लांब आणि तीस फूट रुंद, म्हणजे बाराशे चौरस फूट. त्यातून तुळस, बोहले, वाजंत्र्यांची जागा आणि देवडीपर्यंतची मोकळी वाट वजा केली तर नऊशे उरतात. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला सहा चौरस फूट धरले तर दीडशे माणसे होतात. माडीवर मिस्त्रीबाबांनी वीसच्या वर माणूस चढू द्यायचा नाही असे बजावले होते. ''तुळई मोडायच्या आंधी सांगत नाही, बाई,'' एवढेच ते म्हणाले. म्हणजे एकशे सत्तर. आणि आमच्या भागात लग्नाला दीड हजार माणसे येणे ही साधी गोष्ट आहे.

यावरून घरात बरेच दिवस ताणाताणी झाली. सोयऱ्यांत कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा प्रश्न आमच्याकडे सोपा नाही. बोलावणे चुकले तर माणसे दोन-दोन पिढ्या धरून ठेवतात. माझे दीर म्हणाले, पूर्वी याच वाड्यात हजार-हजार माणसे जेवून गेली, मग आत्ताच का जमत नाही? त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्यातच उत्तरही होते. पूर्वी ती हजार माणसे एकदम येत नव्हती. लग्न चार-चार दिवस चाले, वऱ्हाड जानोशाला उतरे, एक पंगत उठली की शेणाने जमीन सारवून दुसरी बसे, बायकांच्या पंगती वेगळ्या, गावच्या पंगती वेगळ्या, आणि मध्ये वाड्याला श्वास घ्यायला वेळ मिळे. आपण त्या चार दिवसांची गर्दी दोन तासांत आणतो आणि मग जागा पुरत नाही म्हणतो. तेव्हा असे ठरले की लग्नाचे विधी वाड्यात, जवळच्या दीडशे माणसांत. आणि गावजेवण मारुतीच्या मागच्या आमच्या मोकळ्या शेतात, दुपारी बारापासून चारपर्यंत पंगतींनी. नवरा-नवरी लग्न लागल्यावर स्वतः शेतावर जाऊन प्रत्येक पंगतीत फिरतील. ज्यांना वाड्यात बोलावले नव्हते त्यांच्या पानावर नवरीने स्वतः वाढले. सगळेच समाधानी झाले असे मी म्हणणार नाही, दोन घरे अजून नीट बोलत नाहीत. पण ते मला वाड्याची तुळई मोडण्यापेक्षा परवडते.

बाकीची तयारी सोपी होती, कारण ती वाड्यानेच सांगितली. कड्यांना जुने दोर काढून नवे सुती दोर घातले आणि गावातल्या शिंप्याने शिवलेला पांढरा चांदवा बारा ठिकाणी बांधला. एकही खिळा लागला नाही. जिथे फुलांच्या माळा खांबाला बांधायच्या होत्या तिथे दोरीखाली गोणपाटाची पट्टी घातली. स्वयंपाकाची चूल वाड्यात पेटली नाही, आचारी शेतावरच होते. जनरेटर देवडीबाहेर, धूर वाड्यात येणार नाही अशा बाजूला ठेवला आणि दिवे एलईडीचे लावले, कारण जुन्या हॅलोजनची आच सुक्या सागवानाजवळ नको होती. रेतीच्या बादल्या आणि दोन अग्निशामक नळकांडी देवडीत ठेवली आणि तिथे दिवसभर दोन पोरे बसवली, ज्यांचे काम एवढेच होते की दिंडीऐवजी मोठा दरवाजा उघडा राहावा आणि वाटेत कोणी खुर्ची टाकू नये. चौक धुतला नाही, शेणाने सारवला. डीजे आलाच नाही. सनई-चौघडा होता, आणि मंगलाष्टकांना ध्वनिवर्धकही नव्हता. आधीच्या चार-पाच कोजागिरींना आम्ही चौकात गावातल्या भजनी मंडळाचे आणि एकदा अकोल्याहून आलेल्या एका गायिकेचे गाणे ठेवले होते, त्यावरून आम्हांला हे कळले होते की मातीच्या भिंती आवाज शोषतात, तो घुमू देत नाहीत. त्यामुळे ओसरीच्या पायरीवर बसून साध्या आवाजात म्हटलेले शब्द चौकाच्या शेवटच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतात. जुन्या माणसांना हे ठाऊक असणार.

मेढ उभी करायच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्या दगडातले छिद्र साफ करायला बसले. आधी गोट्या निघाल्या, काचेच्या, एकोणीस. मग काळी माती, मग खडे आणि अगदी तळाशी कुजलेल्या लाकडाचा एक तुकडा, वरून गोल घासलेला. मी तो मिस्त्रीबाबांना दाखवला. तो दट्ट्या होता, म्हणजे लग्न झाले की मेढ काढून छिद्र बंद करायचे, माणसाचा पाय अडखळू नये आणि त्यात पाणी साठू नये म्हणून. दगडाचा काठ आतल्या बाजूने इतका गुळगुळीत होता की तिथे बोट घसरत होते. किती मेढी त्यात उभ्या राहिल्या असतील कोण जाणे. उंबराची मेढ आत सोडली तेव्हा ती कुठल्याही पाचरीशिवाय ताठ उभी राहिली. पुतणी बाजूला उभी होती. तिने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाली, ''मोठ्याई, हलतच नाही.'' तिचे डोळे भरून आले होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चांदवा उतरला, दोर गुंडाळून कोठीत ठेवले, मेढ काढली. मिस्त्रीबाबांनी बाभळीचा नवा दट्ट्या करून आणला होता, तो छिद्रात बसवला. संध्याकाळपर्यंत चौकात लग्न झाल्याची खूण म्हणून एका कोपऱ्यात सांडलेल्या अक्षता तेवढ्या राहिल्या होत्या, त्या चिमण्यांनी सकाळी संपवल्या.

लोणा लागलेल्या भिंतींचा सिमेंटचा गिलावा आम्ही दोन वर्षांपूर्वीच उतरवला आणि चुन्याचा करून घेतला. चुना महिनाभर हौदात भिजवला, त्यात बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी घातले. मिस्त्रीबाबांच्या ओळखीने एक म्हातारे गवंडी मिळाले, त्यांनी गावातल्या दोन तरुणांना ते काम शिकवले. फुटलेली नाली उघडून नवे दगड बसवले, सिमेंटचे सहा ठोकळे छिन्नीने काढले. चुन्यातून ओल बाहेर पडते, क्षार त्या गिलाव्यावरच येऊन थांबतात आणि मूळ भिंत वाचते. गिलावा खराब झाला की तेवढाच नवा करायचा. देवघराच्या बाजूच्या भिंतीवर ओलीची रेघ जमिनीपासून किती उंच आहे, हे मी एका वहीत दर तीन महिन्यांनी लिहून ठेवते. काम झाले त्या वर्षी दिवाळीला ती अडतीस इंच होती, लग्नाच्या आधी एकोणतीस आणि या गुढीपाडव्याला सव्वीस. लग्नाने ती वाढली नाही. पुढचे माप आता पहिला पाऊस झाल्यावर घ्यायचे आहे.